भर उन्हातला दिवा

३ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशीचा कागद आला. सुटले.

सुपरवायझरांनी तो टेबलावर सपाट केला आणि वाचून दाखवला. लाँड्रीच्या गाडीचा वेग कमी होता. चालिकेने वळण्याचा इशारा दिला होता. सायकलस्वार तपकिरी शर्टात, झाडाच्या सावलीतून येत होता, सायकलला दिवा नव्हता, त्यामुळे तो वेळीच दृष्टीस पडण्याजोगा नव्हता. थोडक्यात, चूक त्याची. म्हणाले, ताई, सही करा आणि विसरून जा. सव्वीस वर्षं तुमच्या नावावर एक ओरखडा नाही, हाही नाही.

सही केली. दुसरं जमेना.

इथे तरी नीट लिहून ठेवते, अजून कुठेच लिहिलेलं नाही. १९ जानेवारी, सकाळचे सव्वाअकरा, लख्ख ऊन. इस्पितळातून मळक्या चादरींची गाठोडी भरून परत येत होते. लाँड्रीच्या गल्लीत डावीकडे वळले आणि धप्प. आधी वाटलं, मागे गाठोडं कोसळलं. मग आडव्या पडलेल्या सायकलचं चाक गरगर फिरताना दिसलं. शिवणयंत्रं दुरुस्त करणारे ते — मशीनवालेच म्हणतो आम्ही सगळे. आमच्याच रफूच्या खोलीतलं मशीन नीट करून बाहेर पडत होते. खांद्याजवळचं हाड मोडलं, मनगटही. बरे होतील म्हणतात.

मी पहिल्यापासून सगळ्यांना एकच सांगितलं — दिसलेच नाहीत. ते खरं आहे. समोरून आख्खा माणूस सायकलवर येतोय आणि मला दिसला नाही. कागद म्हणतो तपकिरी शर्ट. असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

दोन खेपा. पाठ भरून आलीय. जेवले नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

मशीनवाल्यांच्या घरी जाऊन आले. हे म्हणत होते, जाऊ नकोस, उगाच कशाला निखारा उकरायचा. गेले.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चार उघडी मशीनं, कुणाकुणाची, अर्धवट राहिलेली. उजवा हात गळ्यात. डाव्या हाताने स्क्रू फिरवायला बघत होते. बायको खुर्ची पुढे करून उभीच राहिली. मी दुखणं विचारलं, त्यांनी मान हलवली. संबंध वेळ माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी बोलत होते आणि ते त्या स्क्रूकडे बघत होते.

निघताना बायको दारापर्यंत आली. कागद त्यांच्याकडेही पोचलाय. म्हणाली, सायकल विकायची म्हणतात. हत्यारांची पेटी खांद्याला लावून दारोदार चालत फिरणार — मोडलेल्या खांद्याला! मी म्हटलं, असं कसं. ती म्हणाली, विचारलं तर बोलत नाहीत, तुम्हीच समजवा.

मी काय समजावणार? कुठल्या तोंडाने?

९ फेब्रुवारी, सोमवार

चादरी उतरवताना सुचलं. दिवा. कागदात लिहिलंच आहे, दिवा नव्हता म्हणून. मग आपण दिवाच नेऊन द्यावा. दिवसासुद्धा दिसेल असा.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, दिवसा दिवा लावून फिरणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. मणक्याच्या दुखण्याने तीन वर्षं घरात आहेत, पण जीभ मात्र ठणठणीत.

११ फेब्रुवारी, बुधवार

सुटल्यावर सायकलच्या दुकानात. आत गेल्या गेल्या घाबरले, भिंतभर दिवेच. गल्ल्यावर एक पोरगी, पंचविशीची, बोटं ग्रीसने काळी. दुकान वडिलांचं, आता तीच बघते. म्हणाली, काकू, तुम्ही चालवता का सायकल? मी नाही म्हटलं. कोणासाठी हवाय ते सांगितलं नाही.

तिने फार मनापासून समजावलं. रात्रीचा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून, आणि दिवसाचा दिवा आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून — दोन वेगळी कामं. रात्री झगझगणारा दिवा उन्हात काजव्याएवढाही दिसत नाही. खोक्यावर मोठे आकडे छापलेले असतात, त्यांना भुलायचं नाही. उजेड चहूकडे सांडतो की एका रेषेत लांब फेकला जातो, ते बघायचं. आणि एकसारखा जळणारा नको. उघडमीट करणारा हवा, तीही ठेक्यात नको, मध्येच लांब, मध्येच दोनदा झटपट. ठेक्याला डोळा सरावतो म्हणे. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही सरळ बसवायचे — आकाशाकडे तोंड केलेला दिवा काय कामाचा.

मी विचारलं, समोरच्या गाडीवाल्याला दिसेल ना नक्की? ती हसली. म्हणाली, त्याने बघितलं तर दिसेलच.

पुढच्या दिव्याचे दोन नमुने घरी नेऊन बघा म्हणाली. एक गोल, एक चौकोनी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

धुलाईचं एक मशीन बंद. सगळं उशिरा. पाय सुजलेत.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज परीक्षा घेतली. बरोबर सव्वाअकराला. गाडीच्या सीटएवढं उंच स्टूल घराबाहेर मांडून मी वर बसले. ह्यांना तपकिरी शर्ट घालायला लावला आणि काठी टेकत गल्लीच्या टोकाला पाठवलं. कमरेच्या उंचीवर दिवा धरून, माझ्या डाव्या कडेने सावकाश चालत यायचं. शेजारची माणसं खिडक्यांतून बघत होती. हे म्हणाले, माझी वरात काढतेयस, निदान बाजा तरी सांगायचास.

गोल दिवा अगदी जवळ आल्यावर दिसला. बाद.

चौकोनी पेटवला आणि बाई गं, गल्लीच्या टोकावरून डोळ्यात घुसला! एवढ्या उन्हात! इतकं हलकं वाटलं. मग मी गाडी चालवताना बघते तसं समोर, रस्त्याच्या मधोमध बघत बसले. हे चालत येत होते. निम्म्यावर आले आणि दिवा गेला. काही पावलांनी परत आला.

मी ओरडले, बंद का केलात? म्हणाले, केलाच नाही.

पुन्हा टोकाला पाठवलं. पुन्हा तिथेच गेला. तिसऱ्यांदा पाठवायला धीर झाला नाही, त्यांची कंबर धरली होती. नमुना खराब निघाला. उद्या परत देईन.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात गेले. पोरीने दिवा उघडून बघितला, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, मध्येच विझतो. तिने तो हातात धरला, मला समोरच्या कॅलेंडरकडे बघायला सांगितलं आणि हात हळूहळू माझ्या डावीकडे न्यायला लागली. विझेल तेव्हा सांगा.

मी सांगितलं, आत्ता.

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग माझं तोंड बघून हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, दिवा चालू आहे. माझा हात दिसतोय का तुम्हाला?"

हात नव्हता. तिथे भिंत होती. कोरी, पिवळी भिंत, मनगटाच्या जागीसुद्धा भिंतच.

घरी कशी आले आठवत नाही. कुणालाच सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कालही गाडी चालवली, आजही. मान डावीकडे वळवून वळवून. लिहायलाही लाज वाटते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी गाडीचं दार उघडलं आणि चढताच येईना. पाय उचलेना. पोटात दुखतंय म्हणून घरी आले. ह्यांना सांगितलं सगळं. ते बराच वेळ काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिले. एकही कोटी नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांची डॉक्टर. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं. मी प्रामाणिकपणे दाबत होते. मधे बराच वेळ काहीच आलं नाही. तंत्रज्ञ म्हणाला, मावशी, झोप लागली का? म्हटलं नाही, तुमचेच उजेड थांबलेत.

थांबले नव्हते.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, दोन्हींची डावी बाजू, मधल्या नजरेला लागून. बरीच वर्षं मुरलेला. डॉक्टर म्हणाली, दुखत नाही, काळंही दिसत नाही, मेंदू ती जागा शेजारच्या रंगाने भरून काढतो. म्हणून काही दिसत नाहीये हेही दिसत नाही. अक्षरांचा तक्ता मी आजही शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचते — परवान्याच्या वेळी तोच तर वाचायला देतात. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी राखायचं. रोज, जन्मभर. गाडी बंद.

मी विचारलं, तपकिरी शर्ट असता-नसता तर? तिला प्रश्न कळला नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

थेंब घातले. चरचरतात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

हे आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा आवाज न चढवता भांडलो.

त्यांचं म्हणणं, गाडी सोडच, पण पाठीचं कारण दे. माझ्यासारखीच तुझीही पाठ गेली म्हण, कोण तपासतंय? आतलं काहीतरी हलकं काम देतील. चौकशी संपली, फाईल बंद झाली, तो माणूसही जिवंत आहे. खरं सांगितलंस आणि काढून टाकलं तर आपण दोघांनी काय करायचं? माझ्याकडे बघ, म्हणाले, मी कुठल्या कामाचा उरलोय?

मी म्हटलं, कागदात त्यांची चूक लिहिलीय.

म्हणाले, कागदाने त्याचं काय वाकडं होतंय?

मी म्हटलं, ते सायकल विकतायत.

थोड्या वेळाने ते उठले आणि माझ्या डोळ्यांत थेंब घातले.

२ मार्च, सोमवार

सुपरवायझरांना सांगितलं. डॉक्टरचा कागद पुढे ठेवला. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, ताई, हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत असं समजू या का? माणूस चांगला आहे, माझंच भलं बघत होता. मी म्हटलं, नको. चौकशीवाल्यांना द्यायचा अर्ज तिथेच बसून लिहिला. पानभर झाला. किल्ली टेबलावर ठेवली. ती उचलायला त्यांचा हात पुढे होईना.

बाहेर आले. बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. नुसतं थकायला झालं.

५ मार्च, गुरुवार

मशीनवाल्यांकडे गेले. चौकोनी दिवा आणि मागचा लाल, दोन्ही घेऊन. पोरीने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले, मीच ऐकलं नाही.

बसले नाही. उभ्यानेच सांगितलं — चूक तुमची नव्हती. शर्टाची नव्हती, सावलीची नव्हती. माझे डोळे गेलेत त्या बाजूने. मला माहीत नव्हतं, पण चूक माझीच. तसं लिहून दिलंय.

त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला. ते उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. परत आलेच नाहीत.

बायको मात्र भडकली. म्हणजे यांची चूक नव्हती, म्हणजे यांची नव्हती, असं चार वेळा म्हणाली, दर वेळी वरच्या पट्टीत. बोलू दिलं. तिचा हक्कच आहे. शेवटी दिव्यांकडे बोट दाखवून म्हणाली, मग हे कशाला? मी म्हटलं, माझ्यासमोर कुठलाच दिवा चालला नसता. पण बाकीच्यांना दिसतं. त्यांच्यासाठी.

तिने दिवे उचलून फळीवर ठेवले. जोरात.

९ मार्च, सोमवार

काढलं नाही. घडीच्या टेबलावर घेतलंय, रफूच्या खोलीत. पगार खाली आला, पण आहे. चादरीची चार टोकं जुळवायची, दोन घड्या, मग आडवी. डावं टोक हाताने शोधते. गाडीवर नवा माणूस आहे, गल्लीत शिरताना दोनदा हॉर्न वाजवतो.

११ मार्च, बुधवार

दिवसभर घड्या. थेंब. झोप.

१४ मार्च, शनिवार

रफूचं मशीन अडलं म्हणून मशीनवाल्यांना बोलावलं होतं. आले. हात मोकळा झालाय. काम संपवून माझ्या टेबलाशी येऊन थांबले. म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत होतात. सरळ. मी हात वर केला, तरी तुम्ही गाडी घातलीत."

हे त्यांनी चौकशीत सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. दोन महिने एकटेच शोधत होते, या बाईचं मी असं काय बिघडवलं असेल.

"बरं झालं, तुम्हाला दिसत नव्हतं," म्हणाले. आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.