तू नसतानाची वर्षं

चामोर्शी,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय दादा,

तुझे फोन आले. पहिला मी उचलला होता. तुझं "हालो, सोमारी?" ऐकलं आणि फोन नुसता कानाला धरून ठेवला. तू थोडा वेळ थांबलास आणि ठेवून दिलास. त्यानंतरचे मी नुसते वाजू दिले. रागानं नाही. अंगणवाडीतून येते, स्वयंपाक करते, मायचं सगळं आटोपते, आणि भिंतीला पाठ टेकली की बोलायचं त्राण राहत नाही. लिहिताना निदान मध्ये थांबता येतं. माझं अक्षर तुला लागेल, कारण शाळेत नाव घालायच्या आधी तूच मला घरामागच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढायला शिकवलं होतंस.

आजकाल लहानपण फार आठवतं. मोहाच्या दिवसांत आपण टोपल्या घेऊन निघायचो. फुलं तू वेचायचास आणि मी निम्मी तोंडात टाकायची. नाल्याचं पाणी उतरलं की तू मातीचा बांध घालून मासे धरायचास. तुझ्यासारखा ढोल वाजवणारा आसपासच्या गावांत कोणी नव्हता. कुठंही लग्न असलं की तुला बोलावणं यायचं आणि मी मागे मागे यायची. लोक बाबांचं नाव घेऊन हसायचे, झिंगूची पोरगी म्हणजे पत्रूची शेपटी. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग जंगलातले ते लोक गावात गाणी म्हणत येऊ लागले आणि त्यांनी तुला ढोलावर बसवलं. त्या वर्षीचं धान मळून झालं आणि एका सकाळी तुझी चादर घडी न करता तशीच पडलेली होती. माय म्हणाली, "कुठी गेला असंन, येईन जेवाच्या टायमाले." बाबांनी ती घडी करून ठेवली. त्यांना कळलं होतं. गावात कोणी उघड नाव घेईना, नुसतं म्हणायचे, पोरगा अंदर गेला. अंदर म्हणजे बंदूक, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. घरी येणाऱ्या माणसांवरून हळूहळू कळत गेलं.

तू का गेलास, हे मी विचारणार नाही. एक काळ होता, रोज विचारत होते, मनातल्या मनात. आता उत्तर ऐकायचीही शक्ती नाही.

पोलीस आले, बाबांना ठाण्यात घेऊन गेले. बाबा परत आले तेव्हा काही दिवस पाटावर बसू शकले नाहीत. मग तुमच्यातले आले, ठाण्यात काय सांगितलंस म्हणून विचारायला. हे आलटून पालटून चालू राहिलं. माय दोघांनाही काळा चहा करून द्यायची. आश्रमशाळेच्या वाटेवर मला थांबवून तुझी चौकशी करायला लागले, तेव्हा बाबांनी माझी पेटी उचलून घरी आणली. आठवीचं वर्ष तसंच राहिलं. पुढं पोंभुर्ण्याकडच्या मुलानं मला पसंत केलं होतं, साखर वाटून झाली होती. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि ते आलेच नाहीत.

नंतर चामोर्शीचे पोचू बघायला आले. ट्रॅक्टर चालवायचे. बाबांनी त्यांना आधीच सगळं सांगून टाकलं. त्यावर ते म्हणाले, "मले काय तिच्या भावासंगं लगन कराचं हाय काय?" तू गेल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले ते तेव्हा. हे, म्हणजे माझ्या लेकीचे, करिश्माचे बाबा, फार बोलत नाहीत, दादा, पण त्यांनीच मला दहावी बाहेरून द्यायला लावली. त्याच्यावरच अंगणवाडीत लागले.

एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. करिश्मा पोटात होती, मी माहेरी आले होते, तेव्हा चकमक झाली आणि त्यात तू गेलास अशी बातमी आली. ओळख पटवायला बाबांना गडचिरोलीला बोलावलं. मी बरोबर येते म्हणाले, तर अशा अंगानं तिथं यायचं नाही म्हणून त्यांनी नाही म्हटलं. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. माय उंबऱ्यात उभी होती. बाबा म्हणाले, "आपला नाई." मायनं दाराची चौकट धरली. मी विचारलं, मग एवढा उशीर का? ते पाय धूत होते. मान खालीच ठेवून म्हणाले, "पन कोनाचा तं होता. त्याचे मायबाप येईपर्यंत बसलो." त्या पोराचा बाप आल्यावर बाबांनी त्याला धरून आत नेलं होतं. आपला नाही म्हणून आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज त्यांच्या तोंडावर पुढं कायम राहिली. त्यानंतर ते दोनच पावसाळे काढू शकले. शेवटी ताप आला आणि दवाखान्यात नेईपर्यंतही थांबले नाहीत.

बाबांच्या मागे मायला मी इथं आणलं. आधी चांगली होती, माझ्यासोबत धानाच्या रोवणीलाही यायची. मग लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. ती आता फक्त गोंडीतच बोलते, त्यामुळे घरात तिचं बोलणं नीट मला एकटीलाच कळतं. तुझं नाव ती कधी घ्यायची नाही. मीही काढत नव्हते. आम्ही दोघी एका घरात राहून तुला गप्प सांभाळत होतो, असं म्हण.

उन्हाळ्यात करिश्माच्या बाबांनी पेपर आणला. तू बंदूक पोलिसांकडे ठेवून परत आलास त्याची बातमी आणि तुझा फोटो होता, नवा कोरा शर्ट, हातात फुलांचा गुच्छ, बाजूला साहेब लोक. मी मायपुढं धरला. तिनं बराच वेळ पाहिलं. मग गोंडीत म्हणाली, "हा तर म्हातारा झाला." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दोन वेळा मागून भात खाल्ला.

करिश्मा आता पोलीस भरतीची तयारी करते, सकाळी मैदानावर धावायला जाते. हसू नकोस. मीही हसले नाही. तुझ्याबद्दल तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा आपल्या घरी येनार हाय काय?" मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

आता का लिहिते ते सांगते. माझ्या पोटात गाठ आहे. पिशवी काढावी लागणार, दिवाळी झाली की चंद्रपूरला ऑपरेशन आहे. घाबरू नकोस, साधी गाठ आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण नंतर बरेच दिवस वजन उचलायचं नाही, आणि मायला तर दिवसातून कितीदा उचलावं लागतं. तेव्हा धान कापणीला आलेलं असेल, करिश्माचे बाबा दिवसभर ट्रॅक्टरवर आणि करिश्मा भरतीच्या शिबिराला गडचिरोलीत. शेजारची रुखमा आंघोळ घालून जाईल, पण तिच्याच्यानं मायला उचलणं होणार नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाई, घरात उचलायला दुसरं कोणी आहे की नाही?" आणि मी म्हटलं, "भाऊ आहे." किती वर्षांनी हे वाक्य तोंडातून निघालं, दादा. बाहेर येऊन बाकड्यावर बसून राहिले. तर साहेबांची परवानगी काढ आणि ये. झालेल्याची भरपाई करायला बोलवत नाही, ती होत नसते. मायला उजवीकडून धरू नकोस, तिला दुखतं. भात मऊ लागतो. पाणी चमच्यानं पाज, घाई केली की ठसका लागतो. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तू नक्की येतोस असं कळव, मगच सांगेन, तिला पुन्हा वाट पाहायला लावायचं बळ माझ्यात नाही. आणि आलास की पहिले काही दिवस मला काही विचारू नकोस, काही सांगूही नकोस. मायजवळ बस, आणि मला झोपू दे.

तुझीच,
सोमारी