बांगड्या दिसल्या तर शेण

९ सप्टेंबर २०१८, पोळा
...आणि मग ते घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे. रोज सकाळी हेच. माझा सडा झालेला, चुलीवर चहाचं आधण, आणि हे धोतर खोचून म्हशीच्या हौदात उतरलेले. नारळाच्या शेंडीने कडेचं हिरवं खरवडून काढायचे. घड्याळ भिजू नये म्हणून तेवढा वेळ माझ्या मनगटावर. मग हौदातून हाक, शिवकांता, किती वाजले? किती का वाजेनात, दुकान उघडायला उशीर झालेलाच असायचा.
त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. म्हैस विकली. घड्याळ मनगटावरच राहिलं.
हे आज का आठवलं? पाझर तलावावर गेले होते म्हणून. पावसाने दगा दिला, तलाव अर्धाच भरला, पण आमच्या महिला मत्स्य संस्थेने त्यात कटला-रोहूची पिल्लं सोडली. मला चेअरमन केलं. एक तर मला वाचता येतं. दुसरं कारण सावित्रीबाईंनी भर मीटिंगमध्ये सांगितलं: लिंगायताची बाई हाय, नजर ठेवल, तोंड न्हाई लावणार.
निश्चय: तलाव शास्त्रानेच चालवायचा.

१४ सप्टेंबर
बीडला ट्रेनिंग. साहेब म्हणाले, पाण्यात डोळ्यांना न दिसणारे हिरवे कण असतात. वनस्पती प्लवक. मासे त्यावर वाढतात. कण वाढवायला शेण टाकायचं. किती? तर हात कोपरापर्यंत बुडवा. मनगटातल्या बांगड्या दिसल्या तर शेण टाका, दिसेनाशा झाल्या तर थांबा. सगळ्या बायका हसल्या, बांगड्या वाजवल्या. मी पदर सारखा केला.
परतताना विचार केला, मला घड्याळ आहे. ते बांगडीचंच काम करील, वर वेळ सांगेल.
स्टँडवर पुस्तक घेतलं. तळी, समुद्र आणि हे कण. रोज एक धडा.

१६ सप्टेंबर
पहिली तपासणी. घड्याळ भिजू द्यायचं नाही, म्हणून हात घड्याळ पाण्यावर राहील इतपतच बुडवला. घड्याळ अगदी स्वच्छ दिसलं. सेकंदाचा काटासुद्धा. म्हणजे पाणी उपाशी आहे. संस्थेतल्या चंद्रभागेच्या उकिरड्यावरून दोन पाट्या शेण आणून टाकलं.

२३ सप्टेंबर
मीटिंगमध्ये पुस्तकातलं सांगितलं. आपण घेतो त्या हवेतला जवळजवळ अर्धा प्राणवायू समुद्रातल्या अशाच कणांनी केलेला असतो. चंद्रभागा म्हणाली, आन दुसरा अर्धा कुनाचा, मुकादमाचा? बायका लोळायच्या बाकी होत्या.
चंद्रभागा दरसाल नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाते. गेल्या साली कंबर धरली, तरी फडात उभी. मी तिला शब्द दिला, संक्रांतीपर्यंत कटला तुझ्या हाताएवढा होईल, यंदा जाऊ नको. तिने आणि नवऱ्याने मुकादमाला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला म्हणे, मासे तोडता का आता?
हसू दे.

३० सप्टेंबर
पाणी हिरवं झालं! शास्त्र.
घड्याळ स्पष्ट. तीन पाट्या.
'दिवस' हा धडा संपवला. उन्हात हे कण प्राणवायू सोडतात. मासे खुशीत. पुढचा धडा 'रात्र'. दोन ओळींत डोळा लागला. उद्या नक्की.

६ ऑक्टोबर
तलावाला साय धरली आहे. पोपटी, जाड, रंगाचा डबा उपडा केल्यासारखी. इतका रिझल्ट बीडच्या साहेबांनाही मिळाला नसेल.
सावित्रीबाई म्हणाल्या, म्हशीनं पाणी हुंगलं आन तोंड फिरीवलं, कावून? मी म्हटलं, म्हशीला शास्त्र कळत नाही. त्या म्हणाल्या, तिला पाणी कळतंय की.
घड्याळ स्पष्ट. चार पाट्या.
'रात्र' उद्या.

१२ ऑक्टोबर
साहेबांचा फोन. विचारलं, बांगड्या दिसतात का? म्हटलं, काट्यासकट. त्यांनी पुन्हा विचारलं, काट्यासकट? मग पाण्याचा रंग विचारला. मी अभिमानाने सांगितला. ते जोरात काहीतरी म्हणायला लागले आणि रेंज गेली. कौतुकच करत असणार. परत फोन केला नाही, उगाच आपणच कौतुक मागितल्यासारखं दिसतं.

१८ ऑक्टोबर, दसरा
ऊसतोडीचा ट्रक गेला. चंद्रभागा फाट्यावर उभी होती. ट्रक दिसेनासा झाल्यावर मला म्हणाली, अक्का, मासं खरंच वाढायलेत ना? म्हटलं, माझ्यावर सोड.
दोन दिवस झाले, आभाळ भरून आहे. पडत नाही. माशांना तेवढीच सावली.

२० ऑक्टोबर
पहाटे चंद्रभागेने दार बडवलं. अक्का, मासं वर आल्यात, तोंडं उघडून!
मी म्हटलं, खायला मागत असतील.
ती म्हणाली, आवो, हवा मागायलेत!
सगळ्या तलावावर गोल गोल तोंडं. कडेला पांढरी पोटं. चंद्रभागेच्या नवऱ्याने इंजिन लावून तलावाचंच पाणी उंचावरून तलावात सोडलं. बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरून हातांनी, पाट्यांनी पाणी झोडपायला लागल्या. मीही शिरले. झोडपत राहिले. केव्हातरी चंद्रभागा ओरडली, अक्का, तुमचं घड्याळ!
मी खाली पाहिलं. हात कोपरापर्यंत पाण्यात होता. घड्याळ दिसलं नाही. मनगटही दिसलं नाही.
ऊन वर आल्यावर उरलेले खाली गेले. निम्मे उरले असतील. मेलेले ताजे होते, बायकांनी टोपल्या भरून धारूरच्या बाजारात नेले.
दुपारी 'रात्र' वाचला. दीड पान आहे. अंधारात हेच कण माशांच्या वाट्याची हवा ओढतात. दिवसभर आभाळ असलं की नवी तयार होत नाही. पहाटे कुणालाच पुरत नाही.
संध्याकाळी चंद्रभागेकडे गेले. म्हटलं, मुकादमाला फोन लावायचा असेल तर लाव, मी तोंड वर करून बोलणार नाही. तिने भाकरी उलटली. म्हणाली, न्हाई जात. उरल्यात तेवढ्या माशायच्या आन तुमच्या मधी कुनीतरी पाहिजे.

२१ ऑक्टोबर
घड्याळ बंद आहे. काचेच्या आत हिरवं गेलंय. तांदळाच्या डब्यात ठेवलं. सुकलं की चालेल.
सकाळी उघडा हात कोपरापर्यंत बुडवला. काही दिसलं नाही. काठावर भरून ठेवलेली शेणाची पाटी डोक्यावर घेतली आणि चंद्रभागेच्या उकिरड्यावर परत टाकून आले.