गाबाची बाटली संपेपर्यंत

समा, बडोदे
१८ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. नीरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले. न्यू जर्सीतील औषधांच्या दुकानात तू जीवनसत्त्वांच्या फळीची अधिष्ठात्री झालीस, हे वाचून आपल्या संस्थानी पूर्वजांना स्वर्गात बढती मिळाल्यासारखे वाटले असेल. मी विमा कचेरीत पूर्ववत परक्यांच्या मृत्यूची चोख व्यवस्था पाहत आहे.

तुझ्या वहिनीचे वर्तमान मात्र काव्यमय आहे. निरुपमेने सांप्रत निद्रेशी असहकार पुकारला आहे. हवेत गारवा आला तरी तिला पंखा हवा. तिच्या पंख्याखाली मी रजईत समाधिस्थ. आहार द्विगुणित, देह मात्र निम्मा. चहा हाती घेतला की कपबशीचे जलतरंग वाजते. भाजीत कोथिंबीर विसरलो, तर रुद्रावतार. छातीत धडधडते म्हणाली, तेव्हा मी निवेदन केले की विवाहाच्या चोविसाव्या वर्षी पतिदर्शनाने एवढे हृदयस्पंदन व्हावे, हा माझ्या तारुण्याचा दिग्विजय आहे. ती हसली नाही.

खडू न उचलता फळ्यावर अखंड भारत रेखाटणारी भूगोलाची शिक्षिका बडोद्यात ती एकच. परवा हात थरथरला आणि काठियावाड समुद्रात सांडले. मुले हसली. तिथला किनारा मुळातच दंतुर आहे, असे मी तिचे सांत्वन केले. मराठी माध्यमाच्या उरलेल्या दोन वर्गांना भूगोल शिकवणारे शाळेत दुसरे कोणी नाही, म्हणून तिने ते फार मनाला लावून घेतले आहे. तुझ्या फळीवर चित्तशांतीचे एखादे द्रव्य असल्यास कळवणे.

लोभाचा हप्ता चुकवू नये. सौ.चा नमस्कार.
तुझा,
हेमचंद्र


एडिसन, न्यू जर्सी
६ डिसेंबर १९९७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचले आणि एकटीच हसत सुटले. रविवारी इथल्या मराठी मंडळात मोठ्याने वाचून दाखवले. काठियावाड समुद्रात सांडल्यावर तर मंडळातले दत्ताजीरावसुद्धा हसले, जे स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते म्हणतात. आता सगळे पुढच्या पत्राची वाट पाहताहेत.

मैत्रिणीची मुलगी मुग्धा लग्नासाठी बडोद्याला येते आहे. तिच्याबरोबर वहिनीसाठी गाबाच्या कॅप्सुलांची मोठी बाटली पाठवते. हे एक अमिनो आम्ल. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारख्या उठवत असतात. त्यांना खाली बसवण्याचे काम गाबा करते. इथे लोक झोपेसाठी, धास्तीसाठी सर्रास घेतात. गिळलेले गाबा रक्तातून मेंदूपर्यंत कितपत पोचते, याबद्दल मात्र जाणत्यांचे एकमत नाही. बडोद्याला जीवरसायन शिकल्यामुळे ही शंका मला सोडत नाही. पण अपाय ऐकलेला नाही. तरी वहिनीला एकदा डॉक्टरांना दाखव.

गुण येतो का ते लिही, आणि तुझ्याच थाटात लिही. आहे तशी माया राहू दे.
तुझी,
नीरा


समा, बडोदे
२२ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. नीरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

गाबा-महाराज सुखरूप अवतीर्ण झाले. त्यांचे वास्तव्य देवघराच्या खालच्या खणात असून सकाळ-संध्याकाळ यथाविधी सेवन चालू आहे. मीही एक कॅप्सूल घेतली; कचेरीत दुपारी जशी लागते तशीच झोप लागली, तेव्हा श्रेय कोणाचे ते सांगवत नाही. निरुपमेचे स्पंदन मात्र आता द्रुत लयीत गेले आहे. जिना चढून आली की तबलजीने साथ सोडावी असा वेग. डॉक्टरांकडे जाऊ या, असे ती म्हणाली. मी म्हटले, सातासमुद्रांपलीकडून आलेल्या औषधाचा असा अधिक्षेप नको. बाटली संपू दे.

आता मुख्य वार्ता. शाळेत हात थरथरतो, मुलांवर चिडते, मग घरी येऊन रडते, म्हणून तिला वर्षअखेरपर्यंत बिनपगारी रजा हवी होती. तिने चार ओळींचा अर्ज लिहिला होता. तो वाचून माझ्यातील संस्थानी रक्त उसळले. रजा मागणे हे कारकुनी कृत्य. राजीनामा हे राजस. मी स्वहस्ते असा मसुदा सिद्ध केला की ‘कृतकृत्यतेच्या सायंकाळी’ या शब्दांपाशी मी स्वतःलाच दाद दिली. तिने सही करायला वेळ लावला, पण केली. व्यवस्थापक मंडळाने शाल-श्रीफळासह तो स्वीकारला. आता पूर्ण विश्रांती आणि गाबा.

आणखी एक बाटली मिळाल्यास उत्तम. ममत्वाची आवक अखंड चालू राहो. सौ.चा नमस्कार.
तुझा,
हेमचंद्र


एडिसन, न्यू जर्सी
१५ मार्च १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन लागत नाही, म्हणून हे कुरिअरने पाठवते. आधी पत्र वाच आणि वहिनीला घेऊन लगेच नीघ.

तुझे पत्र मंडळात वाचले. लोक डोळे पुसत हसत होते. डॉ. अहल्याताई तेवढ्या हसल्या नाहीत. मंडळी कोट घालून निघाल्यावर मला बाजूला घेऊन विचारत राहिल्या: खाणे वाढून वजन उतरले का, उकडते का, हात कापतो का, छाती धडधडते का. मला आठवावे लागले नाही. तुझ्या पत्रांत सगळे होते, उपमांसकट. त्या म्हणाल्या, ही धास्ती नव्हे, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे काम वाढले असणार. रक्त तपासा, लांबले तर हृदयावर येते. मग त्यांनी विचारले की हे किती दिवसांपासून गमतीचे आहे. 

गाबा मेंदूत फारसे पोचत नसावे हे मला ठाऊक होते, दादा. तरी पाठवले. वहिनीशी बोलण्यापेक्षा ते सोपे होते.

राजीनामा परत घेता येतो का, तेही बघ. वहिनीला जप.
नीरा


समा, बडोदे
२८ जून १९९८

चि. सौ. नीरा हिस,
आशीर्वाद.

डॉ. अहल्याताईंचे म्हणणे खरे ठरले. गोळ्या चालू आहेत. एप्रिलअखेर निरुपमा रात्रभर झोपू लागली. आता वजन भरले आहे, हात स्थिर आहे. हृदयाला इजा नाही, असे डॉक्टर म्हणतात.

शाळा उघडल्यावर तिला घेऊन हेडमास्तरांना भेटलो. भला माणूस आहे. म्हणाला, साहेब, तुम्ही इतके सुंदर लिहिले होते की आम्ही ते सभेत वाचून दाखवले. रजेचा अर्ज असता तर जागा राखावीच लागली असती. पण मराठीतून भूगोल शिकवणारे कोणी मिळेना, तेव्हा ते दोन वर्ग गुजराती माध्यमात मिळवून टाकले. व्यवस्थापक मंडळ बरेच दिवस निमित्त शोधतच होते. निरुपमेने सगळे ऐकून घेतले, गुजरातीतच ‘आवजो’ म्हणून त्यांचा निरोप घेतला आणि उठली.

लहरीपुऱ्याच्या गर्दीतून आम्ही पायी आलो. तिथल्या जुन्या वेशीच्या दरवाजापर्यंत मी मनात एक वाक्य जुळवत होतो. ते बोललो नाही.

अधिक काय लिहू.
हेमचंद्र


समा, बडोदे
१२ जुलै १९९८

सौ. नीरावन्सं यांस,
स. न. वि. वि.

लग्नानंतर तुम्हांला वेगळे असे हे पहिलेच पत्र. आजवर ह्यांच्या पत्राखाली ‘सौ.चा नमस्कार’ असे, तो पुष्कळदा मला न विचारताच असे.

मी बरी आहे. तुमच्या बाटलीचा राग नाही. जे कळवले गेले त्यावर तुम्ही औषध पाठवलेत. ह्यांना मी छाती धडधडते म्हणून सांगत होते, आणि दर वेळी ह्यांना त्यासाठी आणखी चांगला शब्द सापडत होता. राजीनाम्यावर सही मात्र माझी आहे. तो वाचताना वाटले, एवढे सुरेख लिहिले आहे त्या अर्थी खरेच असेल.

शाळेतली मुले बाजारात भेटतात. ‘केम छो, बाई’ म्हणतात. पूर्वी हीच मुले मला ‘नमस्कार बाई’ म्हणायची. मी ‘मजामां’ म्हणते आणि पुढे जाते.

हे आता घरात फार जपून बोलतात. भाजी काय आणू, हे विचारतानाही वाक्य आधी तपासून घेतात. ह्यांनी हसवलेले मला आवडायचे, वन्सं. पाहायला आले तेव्हा हसवले, म्हणून तर होकार दिला होता. ते परत कसे आणायचे मला कळत नाही, आणि अजून आणावेसे वाटतही नाही.

तुम्ही ह्यांना पत्रे लिहीत जा, त्यांना बरे वाटेल. माझ्या प्रकृतीचे काही विचारायचे झाले तर मला विचारा. मी साधे लिहीन.

लोभ ठेवालच, पाकिटावर नाव तेवढे माझे घाला.
आपली,
निरुपमा