मंगलचा नवस, माझी हाडं

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार
कराडला जाऊन रिपोर्ट आणला. बी-१२ कमी, आणि ते कमी पडलं की रक्तात वाढतं ते होमोसिस्टीन जास्त. ओट्यावरून उतरताना माझ्या पावलाचं हाड चिरलं, त्याला हेही कारण असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. हाडात म्हणे जुनं पाडणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या पेशी असतात. होमोसिस्टीन वाढलं की पाडणाऱ्यांना जोर चढतो आणि गवंडी ढिले पडतात. पलटणीत सतरा वर्षं काढलेल्या माणसाच्या हाडात ही बेशिस्त! दोष अर्थात माझ्या शुगरच्या गोळ्यांचा, त्यांनी बी-१२ घटतं म्हणे. तंबाखूचंही काहीतरी बोलले. तेवढं मनावर घेतलं नाही.
संकल्प: बी-१२च्या गोळ्या, रोज दोन अंडी, दूध, रविवारी मटण. पाडणाऱ्यांचं कोर्ट मार्शल.

१० नोव्हेंबर, रविवार
मंगल माझ्यासाठी जोतिबाला नवस बोलली. माझा आकडा खाली येईपर्यंत तिचं दूध, अंडं, मटण बंद. बायको असावी तर अशी. आज मटणातल्या नळ्या सगळ्या माझ्या ताटात.

२ डिसेंबर
तीन दिवस गोळी राहिली. मंगलने आठवण करायला नको? तंबाखू सोडली.
संध्याकाळी: अचानक सोडणं शरीराला घातक. हळूहळू सोडणार.

५ जानेवारी २०२५, रविवार
मंगल म्हणते, तळपायाला मुंग्या येत्यात. म्हटलं, चालणं कमी पडतंय. फलटणहून लेकीचा, पूजाचा फोन. आईचंही रक्त तपासा म्हणे. कशाला? आजारी मी आहे. एका घरात दोन पेशंट शोभत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार
होमोसिस्टीन नॉर्मल! निव्वळ इच्छाशक्ती. उंब्रजच्या स्टँडवर चौघांना सांगितलं. मंगल म्हणाली, जोतिबा पावला, आता डोंगरावर जाऊन नवस फेडू, तवर माझं बंदच. सध्या ऊसतोड चालू आहे. पुढच्या महिन्यात बघू. देव कुठं पळून जातो?

१६ मार्च, रविवार
मंगल गोठ्यात घसरली. नुसता हात टेकला तर मनगट मोडलं.

१९ मार्च
तिचा रिपोर्ट. बी-१२ माझ्यापेक्षा कमी, होमोसिस्टीन माझ्यापेक्षा जास्त. आधीच कमी असणार, त्यात हे चार महिने, असं डॉक्टर म्हणाले. यांना आधी का नाही आणलंत, असंही विचारलं. मी भिंतीवरचा सांगाडा बघत बसलो.

२३ मार्च, रविवार
काल जीप करून डोंगरावर जाऊन आलो, नवस फेडला. एका दिवसात झालं. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.
पूजा आलीय, मटण तिनंच केलं. संकल्प: मंगलचा आकडा खाली येईपर्यंत मी मटण सोडणार. तिच्यापुढं छाती काढून तसं जाहीर केलं. ती म्हणाली, आवं, तुमी काय बी सोडू नगा. आज माझं ताट आदी वाढा, बास.
उठलो. पळी कुठं असते, ते पूजाला विचारावं लागलं.