रेणूच्या पोटातलं पाणी

११ जानेवारी, टेंभुर्णी
सकाळी वजन, बीपी, मग पिशवी. रेणूच्या पोटातलं रात्रीचं पाणी नळीने बाहेर आलं. पिशवीमागे छापील कागद धरला, अक्षरं स्वच्छ दिसली, म्हणजे जंतू नाहीत. जीव भांड्यात पडला. नऊ वर्षांच्या पोरीच्या दोन्ही किडन्या गेल्यावर आईचा आनंद एवढासाच उरतो. तरी डायलिसिस घरीच होतं, माझ्या हाताने, आणि पोरगी शाळेत जाते.

१३ जाने.
भेटायला बायका. दार लावून, तोंड बांधून पिशवी बदलावी लागते म्हटलं की फुगतात. सासूबाई सगळ्यांच्या वरचढ. "हिच्या बापाला मेंढरांमागं वाढवलं म्या. त्याला काय झालं?" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी कडी लावली.

१६ जाने.
अक्षरं दिसेनात. पाणी तांदळाच्या धुवणासारखं. रेणू पोट धरून बसलेली, अंग तापलेलं. नळीजवळची पट्टी उघडली तर आत पिवळं. भंडारा. काल मी अंगणवाडीत कामावर असताना सासूबाईंनी पट्टी सोडून, खंडोबाचा भंडारा नळीच्या तोंडाशी लावून, पुन्हा चिकटवली.
"देवाचा हाय तो. उतार पडावा म्हून लावला. माझ्या नातीचं वाईट करीन का मी?"
मी बोलू नये ते बोलले. हे खांबाला टेकून उभे. गाडी आणा म्हटलं तेव्हा हलले.

१७ जाने., संभाजीनगर
पोटात जंतू झालेत. औषध त्याच पाण्यातून चालू. पाणी निवळलं तर ठीक, नाहीतर नळी काढायची. मग रक्त शुद्ध करणाऱ्या मोठ्या मशीनवर, आठवड्यातून तीनदा इथवर. म्हणजे शाळा बंद, माझी अंगणवाडीही. आणि पोरीच्या हातात त्या जाड सुया...
रेणू म्हणाली, "मम्मी, लावू नये ते मला माहीत होतं."
"मंग सांगितलं का न्हाई?"
"आजी रडून राह्यली होती."
नळावर जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

१९ जाने.
ताप उतरला. पाणी अजून धूसर. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं बघू, नळीचं उद्या ठरवू. नळी राहील का, हे मला विचारवलं नाही.
हे मेंढरांसाठी घरी गेलेत. ह्यांचा फोन आला, आई जेवतच नाही म्हणून. रेणूने फोन घेतला. "आजी, तुझ्यामुळं काई न्हाई झालं. डॉक्टर म्हणले, असं होतच असतं." डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. पोरीने बिलकुल न अडखळता सांगितलं आणि फोन माझ्या कानाला लावला.
पलीकडे सासूबाई. त्यांचा श्वास ऐकू येत होता. जेवून घ्या, एवढंच म्हणायचं होतं मला. रेणू माझ्या तोंडाकडे बघत होती. ते न म्हणताच मी फोन ठेवून दिला.