उजवीकडून येणाऱ्याचा मान

मार्तेल, शनिवार, २७ जून

प्रिय रेमी,

फोनवर तुला ‘सगळं ठीक’ म्हणाले, ते खोटं होतं. मी बोलत असते तेव्हा पापा शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र.

पापांची गाडी गॅरेजात पडली होती, हे तुला ठाऊकच आहे. मी ब्रीव्ह स्टेशनवरून भाड्याची गाडी घेतली आणि चार दिवस आम्ही बापलेक हिंडलो. त्युरेन, कोलोंज, मधली सगळी खेडी. तीस वर्षं याच रस्त्यांवर टपाल वाटलेला माणूस! एकेक दार दाखवून सांगायचे, "इथली म्हातारी पेन्शन आणून दिली की अक्रोडाचा केक द्यायची. दात पडायचे खाताना." वळणावर मी ब्रेक लावला की पुटपुटायचे, "पॅरिसला जाऊन पोरगी बिघडली." आपली आई गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात गुरुवारी बोलियोच्या अलीकडे जेवायला थांबलो. सूप संपत आल्यावर पापांनी नेहमीसारखी वाडग्यात लाल वाइन ओतली आणि वाडगा तोंडाला लावला. मग पुन्हा एकदा ओतली. मी पाणीच प्यायले. बाहेर आल्यावर त्यांनी हात पुढे केला, "आण ती किल्ली. तुझ्या चालीनं गेलो तर रात्रीचं सूपही हुकेल." कागदावर चालक म्हणून फक्त माझं नाव होतं. तरी मी किल्ली दिली. त्यांचं हसू घालवायला माझं मन धजेना.

पुढच्या गावात चर्चमागच्या गल्लीतून आम्ही मोठ्या रस्त्यावर आलो. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा आपल्याकडचा जुना नियम; म्हणजे डावीकडून येणारा आपल्यासाठी थांबणार. पापांनी डावीकडे मान वळवलीच नाही. पण त्या कोपऱ्यावर आता थांबण्याची पाटी लागली आहे. डावीकडून सायकलवर मादाम देल्पेश येत होत्या, एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

आसपास दुसरं कुणी नव्हतं. पोलीस येण्याआधी मी पापांना गाडीतून उतरवून बाकावर बसवलं, आणि गाडी मी चालवत होते असं सांगितलं. नळीत फुंकले, काहीच निघालं नाही. पापा गप्प राहिले. मीच त्यांना डोळ्यांनी गप्प केलं, हेही खरं.

मादाम देल्पेशना फक्त गाडीचं चाक आठवतं. हॉस्पिटलात भेटायला गेले तर मलाच म्हणतात, "रडतेस काय अशी? चुकतं माणसाचं. माझ्या कोंबड्यांना तेवढे दाणे टाक, बाई." मी रोज जाऊन दाणे टाकते. त्यांच्या अंगणात उभं राहायची मला लाज वाटते.

आणि पापा? पहिल्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ती बाई फार वेगात होती." आज सकाळी बेकरीवालीला सांगत होते, "ओदिल जरा घाईच करते हो. मी ओरडलो होतो, डावीकडे बघ म्हणून." हे माझ्याकडे बघत सांगत होते, रेमी. त्यात लबाडी नव्हती. त्यांना ते खरंच वाटू लागलंय. मला त्याचीच भीती वाटते.

मघाशी गॅरेजवाला त्यांची गाडी दुरुस्त करून दारात लावून गेला. अकरा तारखेला तू लूसला आणि धाकट्याला रेल्वेत बसवून देणार आणि पापा ब्रीव्हला घ्यायला जाणार, असं ठरलंय ना? ते आत्ता नातवंडांसाठी मागची सीट पुसताहेत. मुलांना पाठवू नकोस, हे सांगायलाच मी लिहायला बसले. सोमवारी मी पोलिसांत जाऊन खरं सांगणार आहे. पापांचं लायसन्स जाईल, माझ्यावरही खटला होईल, आणि ते बहुधा माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत. तुला रागवायचं तर रागाव, पण इथे येऊन रागाव. खरं सांगून घरी परतल्यावर त्यांच्यासमोर एकटीनं बसायची माझ्यात हिंमत नाही.

वाट पाहणारी तुझी बहीण,
ओदिल