दहापैकी दहाचं कार्ड

२ जानेवारी, पोलादपूर
चुलतभाऊ मंगेशचं जुनं क्रिकेट कार्ड महाडच्या प्रदर्शनात. कार्डं तपासणाऱ्या कंपनीने दहापैकी नऊ गुण दिलेत आणि प्लास्टिकच्या डबीत सील केलंय. लोक वाकून वाकून बघत होते. मला अजिबात हेवा वाटला नाही. जेवलो नाही ते ॲसिडिटीमुळे.

९ जानेवारी
पुण्याच्या विक्रेत्याकडून तेच कार्ड मागवलं. दहापैकी दहा. विषय संपला.

१६ जानेवारी
संपला नाही. माझं दहा बघून मंगेश नुसता म्हणाला, बरं हाय. लोक अजून त्याच्या नवाबद्दलच बोलतात. त्या नवात काहीतरी असणार. अदलाबदल सुचवली. लगेच तयार झाला. भोळा आहे.

१७ जानेवारी, सकाळी
लगेच का तयार झाला?

२ फेब्रुवारी
रेश्मा सांगत होती, मंगेशकडे दहा बघायला दासगावहून माणसं येतात. माझंच दहा. बायकोने तरी हे सांगायला नको होतं.

२० फेब्रुवारी
आनंदाची बातमी. मंगेशने दहा पुन्हा तपासून घेतलं. झिजलेल्या कडा कापून सरळ केलेल्या निघाल्या. गुण रद्द. रेश्माने विचारलं, पण ते त्याला दिलं कोणी? आनंद गेला.

२१ फेब्रुवारी
मंगेशला समजावलं. डबी सीलबंद होती, घेणाऱ्याने नीट बघून घ्यायचं असतं. तो म्हणाला, नाय तर नाय रे.
दुपारी पुण्याला कडक मेल: डबी सीलबंद असली तरी विकणाराच जबाबदार.

२३ फेब्रुवारी
पुण्याचं उत्तर: डबी सीलबंद होती, घेणाऱ्याने नीट बघून घ्यायचं असतं. माणसं किती निर्लज्ज असतात. रेश्माला वाचून दाखवलं. म्हणाली, हे कुठेतरी ऐकलंय. मंगेशचं कार्ड परत देऊन टाका. देणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ मार्च
महाडला पुन्हा प्रदर्शन. मी नऊ मांडलं. मंगेशने ते कापलेलं मांडलं, शेजारी भिंग. येईल त्याला सांगत होता, हितं पातं फिरलंय बगा, तुमी फसू नका. सगळी गर्दी तिकडे. माझ्याकडे एक बाई आल्या, पाणी कुठे मिळेल विचारायला. कार्ड कोणाकडून आलं ते मंगेशने कोणालाच सांगितलं नाही. हा मोठेपणा फार लागला.

१० मार्च
मोठ्या मनाने नऊ परत द्यायला गेलो. म्हटलं, तुझं तू घे, माझं कापलेलं मला दे. मंगेश म्हणाला, ऱ्हाऊ दे रे, माझा जीव बसलाय ह्याच्यावर. तुझ्याकडं चांगलं हाय की.

संध्याकाळी
नऊ समोर ठेवून कात्री घेऊन बसलोय. डबी उघडत नाही.